कपाशीत शिरलेलं विमान

२०१९ साल. मला सत्तावन्न लागलं होतं. नोकरीतल्या बाकी केसेस विसरलो असेन, पण ही अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे. मी सातवी शिकलेला, शिपाई म्हणून भरती झालेला माणूस. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका ठाण्यात जमादार होतो.

दिवाळी झाली होती. सकाळी दहाला फोन आला, "जमादार, वावरात इमान पडलं!"

जाऊन पाहतो तर पडलं नव्हतं, उतरलं होतं. दोन माणसं बसतील एवढंसं विमान. सोयाबीन निघालेल्या वावरात पिकाच्या ओळींच्या दिशेनं सरळ टेकलेलं, फक्त शेवटी शेजारच्या कपाशीत दहा-बारा हात घुसलेलं. चालवणारी बावीस वर्षांची मुलगी, नागपूरकडची, एकटीच.

"इंजिनाची ताकद कमी झाली, सर. कुणीतरी काडीकचरा जाळत होतं. त्या धुरावरून वारा ओळखला, समोरून घेतला आणि उतरवलं. याचा आमच्याकडून सराव करून घेतात."

हे सगळं तिनं शांतपणे, क्रमानं सांगितलं. मला ते आवडलं.

दुपारी तिला शिकवणारे सर गाडीनं आले. तेव्हा कळलं, सीटवरचं लॉगबुक गायब आहे. आता मात्र पोरगी सैरभैर होऊन शोधायला लागली. उडवलेला एकेक तास त्यात लिहिलेला, खाली सरांची सही. लायसन्सची परीक्षा चार दिवसांवर. पुस्तक नाही तर परीक्षा नाही.

खबर मिळाली की एक आटोवाला विमानात वाकून फोटो काढत होता. उचलला आणि ठाण्यात बसवला.

"काऊन नेलं पुस्तक?"

"साहेब, पुस्तक नेऊन मी का आटो उडवणार हाव?"

स्टाफ हसला. मला राग आला. सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं आणि आणखी दोन तास बसवून ठेवलं. शेवटी त्याचाच मोबाईल पाहिला. एका फोटोत सीटवर निळं पुस्तक. पुढच्या फोटोत पुस्तक नाही, पण कडेला हिरवं लुगडं. सकाळी वावरात तेच लुगडं पाहिलं होतं; ती कपाशीची मालकीण, एक म्हातारी. आटोवाल्याला सोडला.

मुलीला घेऊन म्हातारीच्या घरी गेलो. पुस्तक तिच्या मांडीवरच होतं.

"आजी, ही चोरी झाली."

"कायची चोरी? ढोर पिकात घुसलं त मालक येईपर्यंत कोंडवाड्यात कोंडतेत. तुमचं इमान मावते का कोंडवाड्यात? म्हून त्याचं पुस्तक कोंडलं."

"नुकसानीचं सर पाहतील."

"पैसे कोन मांगून राह्यलं? माही कपाशी मोडली. अख्खं गाव इमान पायत होतं. अन् ही पोरगी माह्याकडं न पायताच गेली."

मुलगी तिच्यासमोर बसली. "चुकलं माझं, आजी. ब्रेक मीच उशिरा लावला."

हे तिनं सरांनाही सांगितलं नव्हतं.

"मंग आदी काऊन नाई बोलली, बाई?" म्हातारीनं पुस्तक पुढं केलं. "घे. पुढच्या खेपेला धुऱ्याच्या अल्याड थांब, माह्या वावरात नको शिरू."

मुलीनं पुढं चार दिवसांनी परीक्षा दिली, पास झाली, ठाण्यात फोन करून सांगितलंही. पुस्तक मिळालं त्या रात्री माझ्या मनात मात्र दुसरंच राहिलं. सदतीस वर्षं मी लोकांकडून गुन्हे कबूल करून घेतले. माझी स्वतःची चूक कधी कुणापुढं बोललो नव्हतो. साहेबांपुढंही नाही, बायकोपुढंही नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आटो स्टँडवर गेलो. त्या आटोवाल्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "काल माझं चुकलं."

"इथं कानात काऊन सांगता, जमादार? चोर त ठाण्यात म्हटलं होतं."

त्याच्याच आटोत बसून ठाण्यात आलो. सगळा स्टाफ उभा केला आणि तेच मोठ्यानं बोललो.