काका पाणी का पीत नव्हते

मागच्या रविवारी आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मायलोमावाल्यांची बैठक होती. मल्टिपल मायलोमा म्हणजे बोन मॅरोतला, रक्ताचा कॅन्सर... मीही त्याचीच पेशंट, उपचार चालू आहेत. पण जन्म शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे भाषण द्यायची खोड काही जात नाही.

निघोजेहून एक काका पहिल्यांदाच आले होते, सोबत काकू. चाकणच्या कंपनीत असेम्ब्ली लाईनवर आयुष्य काढलेला माणूस. आता याच आजारानं मणक्याला फ्रॅक्चर, कमरेला पट्टा.

या आजारात किडनीवर ताण येतो. काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढतं ते, दर रिपोर्टला वाढतच होतं, आणि असंच चाललं तर डायलिसिसची वेळ येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघंही घाबरलेले दिसत होते.

मग काय, मी सुरू झाले. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी प्यायचंच... काका गुणी विद्यार्थ्यासारखी मान डोलावत होते. समोरची बाटली मात्र भरलेलीच!

काकू वैतागून म्हणाल्या, घरी पण हेच. पेला ओठाला लावतात आणि ठेवून देतात.

शेवटी मी भाषण आवरलं आणि सरळ विचारलं, काका, का नाही पीत हो पाणी? ते बाटलीच्या झाकणाशी चाळा करत हळूहळू बोलायला लागले.

लाईनवर बाथरूमला जायचं तर आपल्या जागी रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, मागावा लागतो. काकांना कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर यायचं. त्यापेक्षा शिफ्टभर पाणीच प्यायचं नाही, ही सवय लावून घेतलेली.

"आन आता एकट्याला उठता येत न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "पानी पिलं की हिला हाक मारावी लागती. हिचे बी गुडघे गेल्यात. कितींदा उठवायचं तिला?"

मला तर भरूनच आलं... माणूस बायकोला त्रास नको म्हणून स्वतःची किडनी घालवायला निघाला होता.

काकू मात्र चांगल्याच भडकल्या. "आता मीच तुमची रिलिव्हर हाय. गुडघ्याचं माझं मी बघीन. प्या मुकाट्यानं."

सगळे हसले, काकाही. अर्धी बाटली संपवली त्यांनी. थोड्या वेळानं शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, भाऊ, जरा हात द्या...

काल काकूंचा फोन आला. क्रिएटिनिन थोडं उतरलंय, डॉक्टर खूश आहेत. "पर दिवसभर नुसत्या हाका मारत्यात वो, डोकं उठवलंय माझं," अशी तक्रारही केली.

इतकी गोड तक्रार मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.