हात? बाहेर!

आमचा रविवार गुरुवारी येतो. भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सगळी दुनिया ऑफिसला पळत असते तेव्हा आम्ही ओट्यावर बसून निवांत दाढी करतो. पाहुण्यांना हे पंधरा वर्षं समजावून सांगतोय, तरी लग्नाच्या तारखा ते रविवारच्याच काढतात. असो.

तर मागच्या थंडीतल्या एका गुरुवारी आम्ही चौघं मित्र घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात गेलो, पाळणे आणि झुकझुकगाड्या असतात तिथं. चौघं एकाच वर्कशॉपातले. पत्रा दाबून चाकणच्या गाडी कंपन्यांना लागणारे सुटे भाग बनवायचे, हे आमचं काम. मी प्रेस मशीनवर. माझ्या शेजारच्या मशीनवर आमचा लातूरवाला. तयार माल चाकणला पोचवतो तो टेम्पोवाला. आणि चौथा माझा जोडीदार. जोडीदार म्हणजे माझ्याच प्रेसवर समोरच्या बाजूला बसणारा. पिंपरीचा, वडीलही कंपनीतूनच निवृत्त झालेले, त्यामुळे मशीनची अक्कल त्याला माझ्यापेक्षा जास्त. समोर बसायचा, म्हणायला हवं. त्या सहलीच्या दोन वर्षं आधी माझ्या पायानं त्याची दोन बोटं गेली.

हे जरा नीट सांगतो. मोठ्या पत्र्याला दोन माणसं लागतात. जोडीदार साच्यात पत्रा बसवतो आणि हात काढून घेतो. पेडल माझ्या पायाखाली. दाबायच्या आधी मी विचारायचं, "हात?" त्यानं म्हणायचं, "बाहेर!" मग पाय. दिवसात हजार वेळा हेच. झोपेत बायकोनं कूस बदलली तरी मी "हात?" म्हणतो, असं ती सांगते.

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. डोकं फिरायला मला फार काही लागत नाही, त्या दिवशी चहा गार आला होता एवढंच. मी मागं वळून चहावाल्याला झापत झापत विचारलं, "हात?" उत्तर आलं, "बाहेर!" मी पाय दाबला. उत्तर शेजारच्या मशीनवरनं आलं होतं. लातूरवाल्यानं त्याच्या जोडीदाराला दिलेलं. माझ्या जोडीदाराचा उजवा हात अजून पत्र्यावरच होता.

चूक झाली ती झाली. पण त्यानंतर मी जे केलं ते चुकून नव्हतं. शेठनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्यानं बाहेर म्हटलं, म्हणून मी दाबलं." अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं गेलं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. जोडीदारानं त्याखाली डाव्या हाताचा अंगठा उमटवला, कारण उजवा बँडेजमध्ये होता. बारावी शिकलेला माणूस. एक शब्द बोलला नाही. मी दोन महिने रोज त्याला मोटरसायकलवर बसवून ड्रेसिंगला नेलं आणि रोज ठरवलं की आज सांगायचं. रोज घराशी सोडून परत आलो.

पुढं तो मालाच्या तपासणीच्या टेबलावर बसायला लागला. आमची मैत्री तशीच राहिली, डबा एकत्रच. आणि मग सहलीच्या महिनाभर आधी शेठनं कहर केला. दोन वर्षांत माझ्या मशीनवर एकही अपघात नाही म्हणून माझ्या छातीवर 'सुरक्षा प्रमुख' असा हिरवा बिल्ला लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात जोडीदारानं, तीन बोटं आणि पाच बोटांची टाळी. त्या रात्री मी ठरवलं, बास. आता सहलीला त्याला गाठायचं आणि सांगून टाकायचं, मग त्यानं तोंडात मारली तरी चालेल.

सहलीची टूम जोडीदारानंच काढलेली. त्याच्या पोरीची शाळेची ट्रिप तिथं जाऊन आली आणि ती त्याला म्हणाली, "पप्पा, तुम्हाला नाही झेपणार." झालं! माणूस पेटला.

पहाटे सहाला निघायचं ठरलेलं, टेम्पोवाला सातला उगवला. मेव्हण्याची गाडी मागून आणली होती आणि मेव्हण्यानं आधी ती धुवायला लावली म्हणे. मी मोशीच्या चौकात कानटोपी घालून कुडकुडत तासभर उभा. आल्या आल्या त्याचा उद्धार केला. मागच्या सीटवरून जोडीदार म्हणाला, "ए सुरक्षा प्रमुख, दार लाव नीट." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

गेटवर पुढचा तमाशा. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, अशी पाटी. माझ्या बायकोचा मार्गशीर्षातला गुरुवारचा उपवास, तरी तिनं पहाटे उठून आमच्यासाठी बाजरीच्या भाकऱ्या थापलेल्या, वर ठेचा. लातूरवाल्याकडं शेंगाची चटणी, जोडीदाराच्या घरनं सुकं मटण. मी त्या गेटवरच्या माणसाशी भांडायला बाह्या सरसावल्या. उपाशी बाईनं केलेलं अन्न टाकून द्यायचं म्हणजे काय? जोडीदारानं मला खांद्याला धरून बाजूला ओढलं. "टाकायचं कुणी सांगितलंय? आत न्यायचं नाही म्हणतोय तो. पोटात घालून नेऊ की राव." मग आम्ही गेटासमोरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि सकाळी साडेनऊला दुपारचं जेवण उरकलं. धुकं विरत होतं, ऊन पाठीवर येत होतं. भाकरी तीन बोटांत धरून मोडायची त्याची आता एक पद्धत झालीय, आणि सुक्यातली मऊ फोड तो न बोलता माझ्या भाकरीवर ठेवत होता. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तोंडात घास होता आणि, खरं सांगतो, धीर नव्हता.

आत गेल्यावर तर काय, चाळिशीतली चार माणसं, पण शाळेच्या ट्रिपांमधून वाट काढत नुसता धुडगूस. पाण्याच्या घसरगुंडीवरून लातूरवाला उतरला तो दात वाजवतच. "मेलो, मेलो" म्हणत परत वर चढला. टेम्पोवाला रोज चाकणचे खड्डे खाणारा, त्याला गोल फिरणाऱ्या कपबशीत उलटी झाली. मी हसत होतो, पण एक डोळा जोडीदारावर. कुठं दोघंच सापडतोय का ते बघत होतो.

सापडलो शेवटी संध्याकाळी चारला, सगळ्यांत मोठ्या झुकझुकगाडीच्या, त्या रोलर कोस्टरच्या रांगेत. वर बघितलं की मान दुखेल अशी उंच. लातूरवाला आणि टेम्पोवाला आमच्या मागं, फोनवर फोटो बघण्यात दंग. मी जोडीदाराला म्हणालो, "एक सांगायचंय."

"सांग की."

"त्या दिवशी तू बाहेर म्हणालाच न्हवतास."

तो समोर बघत राहिला. माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "मी बघितलंच न्हाई. ते लातूरवाल्याचं होतं. मला त्याच दिवशी समजलं होतं. तरी शेठला खोटं सांगितलं, भावा. मला घालवतील म्हणून. तुझ्या नावावर ढकललं मी."

रांग पुढं सरकली. तो सरकला, मी सरकलो. फाटक उघडलं, आम्ही पुढच्या डब्यात शेजारी शेजारी बसलो, ते दोघं आमच्या मागच्या सीटवर. मांडीवर लोखंडी दांडा आला आणि खटकन बसला. हुबेहूब साचा बसल्यावर होतो तसा खटका. जोडीदार माझ्याकडं वळला. चेहरा असा की काहीच कळेना.

"हात?" तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता. आणि विचारणारा कायम मी असायचो, तो नाही. तेवढ्यात मागनं, सवयीनं, लातूरवाला खणखणीत ओरडला, "बाहेर!"

जोडीदार मान वळवून म्हणाला, "तू गप रे. तुला नाही विचारलं." मग परत माझ्याकडं बघून, सावकाश, "मी ह्याला विचारतोय. हात?"

तो थांबला. गाडी हलायच्या बेतात होती, तरी तो थांबला होता. माझं उत्तर येईपर्यंत तो नजर काढणार नव्हता.

"बाहेर!" मी ओरडलो. ओरडलो कसला, रडलोच. आणि दोन्ही हात वर केले. त्यानं केले. मागच्या दोघांनीही केले, त्यांना काय सोसच. आठ हात हवेत. खालनं पार्कवाला शिट्टी फुंकत बोंबलतोय, "ओ काका, हात आत घ्या, हात आत!" आमची सगळी अक्कल बाहेर म्हणण्यात गेलेली, आत कुठलं घ्यायला सुचणार? गाडी चढायला लागली तसे आम्ही मुकाट दांडा धरला. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातावर होता. पुढं काय झालं ते मला सांगता येत नाही, माझे डोळे मिटलेले होते.

उतरल्यावर ते दोघं पुढं गेले, आम्ही बाकावर बसलो. तो म्हणाला, "मला माहीत होतं. मीपण ऐकलं होतं ते, लातूरवाल्याचं. हात काढायला गेलो, तोवर तुझा पाय."

"मग बोलला का न्हाईस? अंगठा का दिलास?"

"तुलाही काढलं असतं, दोघं बिनपगारी घरी बसलो असतो, मग पेट्रोल घालून दवाखान्यात मला कुणी नेलं असतं? तुझा बाप?" तो हसला. मग म्हणाला, "रोज गाडीवर तुझ्या मागं बसायचो तेव्हा वाटायचं, आज सांगेल. लई वेळ लावलास राव. रागपण आला, नाही असं नाही. बिल्ला लावला त्या दिवशी तर फार आला. टाळ्या कशाला एवढ्या वाजवत होतो?" आणि म्हणाला, "आता ते रजिस्टरमधलं बदल. माझी पोरगी मोठी झालीय, वाचते सगळं."

एवढंच. मला वाटलं होतं तो उठून निघून जाईल, किंवा मारेल. त्यानं चहा मागवला. गार होता. मी चहावाल्याकडं बघितलं, जोडीदारानं माझ्याकडं बघितलं, आणि मी तो गार चहा गपगुमान प्यायलो. परत येताना घाटात ते तिघं गाणी म्हणत होते आणि मी खिडकीशी बसून डोळे पुसत होतो. देवानं मला चांगली बुद्धी दिली नसेल, पण जोडीदार दिला. बायकोच्या पूजेला अर्धा तास उशिरा पोचलो. लक्ष्मीसमोर हात जोडले तेव्हा तो माणूसच समोर होता.

शुक्रवारी सकाळी शेठसमोर उभा राहिलो. शेठनं अर्धा तास माझी सालटी काढली, वर आठ दिवस घरी बसवलं. पण रजिस्टर काढलं, जुनी ओळ खोडली, पेडल चालवणाऱ्यानं न बघता दाबलं असं लिहिलं, आणि खाली सही मी केली. बिल्ला माझ्या छातीवरून काढून घेतला. तो आता जोडीदाराकडे आहे.

आता मोठ्या प्रेसवर दोन्ही बाजूंना बटणं बसलीत. चारही हात बटणांवर असल्याशिवाय मशीन हलतच नाही, विचारायची गरज उरलेली नाही. तरी मी विचारतो. एकदा विचारतो, समोरच्याकडं बघतो, परत विचारतो. समोरचा नवा माणूस वैतागतो, म्हणतो, एकदा सांगितलं की! दुसऱ्यांदा "हात?" म्हटलं की तिकडं तपासणीच्या टेबलावर हिरवा बिल्ला लावलेला माणूस काम थांबवून मान वर करतो. तो परत खाली बघतो, मग मी बटणं दाबतो.