नुसते ओठ

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या स्टील कारखान्यातून निवृत्त झालेला अच्युत देवपुजारी तरुणपणी ‘वणवा’ या रॉक बँडसाठी वेडा होता. मित्र भार्गवला घेऊन तो कार्यक्रमांना नागपूरपर्यंत जायचा. यंदा तोच बँड रायपुरात एका लग्नात वाजवायला आला, तेव्हा दोघं बोलावणं नसताना गेले. म्हातारा गायक नुसते ओठ हलवत होता; आवाज जुन्या रेकॉर्डिंगचा होता.

अच्युतनं त्याला स्टेजमागे गाठून विचारलं, “तुम्ही गाऊन काहून नाही राहिले?”

“भैया, लोग खाना खाने आए हैं,” म्हणत गायक सवयीनं सेल्फीसाठी जवळ सरकला.

अच्युतनं फोन काढलाच नाही. दोघं न जेवताच निघाले.

“तेव्हा तरी हा स्वतः गायचा ना बे?” रस्त्यात अच्युतनं विचारलं.