जरा खाली धरा

निपाणीला जुन्या लाकडाच्या वखारीत मी दार बघायला गेलो होतो. तिथं एक बाई सागवानी खिडकी न्याहाळत होत्या. त्यांना मागं स्वयंपाकघर वाढवायचं होतं आणि हातातल्या पैशांत फरशी नाहीतर खिडकी, एकच बसत होतं.

"अण्णा, जरा धरा," म्हणत त्यांनी मला आणि वखारवाल्याला खिडकी उभी धरायला लावली. स्वतः मागं जमिनीवर बसल्या, विळीवर बसावं तशा.

"आणि जरा खाली."

आमचे हात भरून आले.

"मग फरशीचं काय?" वखारवाल्यानं विचारलं.

"भुई लई बघून झाली," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून रस्ता बघत राहिल्या.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "स्वयंपाक करताना तुला समोर काय दिसतं?"

"टाइल्स की," ती म्हणाली. "का ओ?"