जावयाच्या रणांगणावर माझी नाचणी

चहा घ्या आधी. हां, आता नीट टेकून बसा. कारण मी सांगायला लागले की तुम्ही म्हणणार, म्हातारी थापा मारतेय. मारते मी थापा, नाही असं नाही. पण ही थाप नाही. हिला पाच माणसं साक्षीला आहेत, आणि पाचही अजून माझ्याकडे बघून हसतात.

तर, मी एक लढाई बंद पाडली.

तीनशे शिपाई, चाळीस घोडे, एक हत्ती. आणि समोर मी एकटी. हातात तांब्या.

आमचा धंदा मासळीचा. आषाढात होड्या वर ओढलेल्या, टोपली पालथी. म्हणून दर पावसाळ्यात मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला लेकीकडे येऊन राहते. लेक रंजू, कंपनीत कामाला. जावई विलासराव जयगडच्या बंदरावर. पाच-सहा दिवस तिकडेच मुक्काम, मग घरी. माणूस सोन्यासारखा. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज तर नाहीच. पण प्रत्येकाला काहीतरी असतंच ना? ह्यांना शिपाई आहेत.

अंगठ्याएवढे शिपाई! मागच्या खोलीत दोन खाटांएवढं टेबल. त्यावर थर्माकोल कापून डोंगर, डोंगराला भिंतीची पुट्टी, वरून रंग. चहाचा चोथा वाळवून त्याची माती. अंड्याची टरफलं कुटून त्याचे दगड. जुन्या चादरीच्या चिंध्यांचे तंबू. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या खराट्याचे हीर गेले. कुठे गेले? तर म्हणे छावणीचं कुंपण.

एकेका शिपायाच्या डोळ्यात भिंगातून बघून बुबुळ काढतात. मी विचारलं, "अहो, ते बुबुळ दिसणार कोणाला?"

"मला माहीत असेल ना, आई."

मी उरलेला खराटा उचलून आत नेऊन ठेवला.

प्रत्येक शिपायाच्या पायाखाली रुपयाएवढी चकती. चकती उघडी ठेवायची नाही. तिच्यावर गोंद, गोंदावर माती, मातीवर खडे. "पायाखालची जमीन खरी पाहिजे, आई. नाहीतर तो शिपाई नाही, खेळणं." असं म्हणाले. मग मोजायची टेप लावून शिपाई सरकवायचे, फासे टाकायचे, कोण मेला ते बघायचं. कॅरम का खेळत नाही, हे मी विचारलं नाही. जावई आहेत.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मी त्यांच्या नदीत नातवाची प्लास्टिकची मगर सोडली. हिरवी, तोंड उघडं. विलासरावांना दिसलीच नाही. त्यांनी टेबलाचा फोटो काढला आणि दिला पाठवून पुण्याला, मास्तरांना.

मास्तर म्हणजे इतिहास शिकवून रिटायर झालेले. ह्या लोकांच्या टोळीचे म्होरके. त्यांचा उलटा निरोप आला, "ही मगर कोणत्या बखरीत आहे?"

बास. एवढंच. पण विलासराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. आणि मास्तरांनी पुढे टोळीत सगळ्यांना सांगितलंनी म्हणे, की कोकणातल्या माणसांनी आंबे बघावे, होड्या बघाव्या. रणांगण हा देशावरचा विषय.

रंजूनं मला उभं केलंन देवासमोर. "आये, ह्यापुढे त्या टेबलाला बोट लावलंस तर भर पावसात तुला गावी सोडून येईन. घे माझी शपथ."

घेतली. आणि पाळली. बोट लावलं नाही मी. शपथेत तांब्याचं नाव नव्हतं.

तर विलासरावांनी अकरा महिने खपून नवीन टेबल केलं. कुठल्याशा सरदाराची आणि बादशहाच्या फौजेची जुनी लढाई, भर वैशाखातली. मास्तर आणि त्यांचे दोन चेले शनिवारी ती खेळायला येणार होते. पसंत पडलं तर दसऱ्याची मोठी लढाई, जी दरसाल पुण्याला होते, ती रत्नागिरीला होणार. नाही पडलं तर आंबे आणि होड्या.

माणूस बोलत नव्हता, पण मला कळत होतं. त्या शनिवारासाठी नवीन शर्ट आणला होता. इस्त्री करून टांगलेला.

रविवारी संध्याकाळी जयगडला निघताना ते टेबलासमोर उभे. तोंड एवढंसं.

"काय झालं हो?"

"सगळं झालं, आई. फक्त गवत राहिलं. घाटात दरड आलीय, पार्सल अडकलंय तिकडेच."

"गवत नाही तर नाही. त्यात काय?"

"गवताशिवाय मैदान मेल्यासारखं दिसतं. मास्तर एक अक्षर बोलणार नाहीत. नुसतं बघतील." बॅग उचलली आणि गेले.

आता तुम्हीच सांगा. माझा काय गुन्हा? गवत पाहिजे म्हटल्यावर कोणाला काय सुचेल? साठ दिवाळ्या पोरांचे किल्ले बघितले मी. किल्ल्यावर गवत काय पार्सलनं येतं? नाचणी पेरायची, मोहरी पेरायची, पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी डोंगर हिरवा!

आणि खरं सांगू? ती मगर माझ्या मनाला लागून राहिली होती. म्हटलं, एकदा तरी ह्या माणसाचं आपल्या हातून भलं होऊ दे.

रंजू त्या खोलीत पाऊल टाकत नाही. रंगाच्या वासानं तिचं डोकं उठतं. ती कामावर गेली आणि मी नाचणीचा डबा काढला.

आधी अंगणातली तांबडी माती चाळली. मैदा चाळतात तशी. मग मैदानावर भुरभुरवली, डोंगराच्या उतारावर, नदीच्या काठानं. वर नाचणी. मधे मधे मोहरी, म्हटलं वाईच वेगळा रंग दिसेल. सगळं लांबून, हं! बोट नाही लावलं. चमच्यानं.

मग लक्ष गेलं शिपायांकडे. मैदान हिरवं आणि ह्यांच्या चकत्या कोरड्या? बरं दिसेल ते? पायाखालची जमीन खरी पाहिजे, असं जावईच म्हणाले होते. मग काय, एकेकाच्या पायाशी चिमूटभर माती आणि चार दाणे. तीनशे शिपाई! दोन दिवस गेले. घोड्यांना सहा दाणे दिले, चार पाय असतात.

सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. हात बुडवून झटकायचं, देवावर शिंपडतात तसं. वर ओलं फडकं झाकलं. बुधवारी फडकं उचललं तर पांढरे मोड. गुरुवारी हिरवं. शुक्रवारी, काय सांगू, लावणी झालेल्या वाफ्यासारखं लसलसलं!

वाईच जास्तच लसलसलं.

शिपाई कमरेपर्यंत बुडाले. जे बसून बंदूक मारत होते ते गेलेच. भालेवाल्यांचे नुसते भाले. घोडे असे दिसत होते, जसे कोणी चरायला सोडलेत. थोडे आडवे पण झाले, मुळांनी खालून उचललं त्यांना. हत्ती तेवढा पूर्ण दिसत होता. नदीचा निळा रंग ओघळून मैदानात आला होता, पण मला वाटलं, भरतीचं पाणी असंच येतं.

मी खूश! शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, कापणी कधी?" मी म्हटलं, "मेली जळतेय."

शनिवारी सकाळी विलासराव परस्पर स्टेशनवर गेले आणि मास्तरांना घेऊनच घरी आले. नवीन शर्ट बरोबर नेला होता, तो जयगडहूनच घालून आले होते. मास्तर काटकुळे, पांढरी मिशी, काखेत वह्या. मागे दोन चेले, एक जाडा, एक चष्मेवाला.

मी पुढे होऊन म्हटलं, "जावईबापू, आधी डोळे मिटा."

रंजू स्वैपाकघरातून ओरडली, "आये! काय केलंस?"

"काही नाही गो. बोट नाही लावलं."

दार उघडलं.

वर पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्यानं नाचणी डुलत होती. विलासराव बघत होते. एकदा टेबलाकडे, एकदा माझ्याकडे. मग अगदी हळू म्हणाले, "आई."

त्या एका शब्दात मला सगळं कळलं. हातात तांब्या होता, तो पदराआड घेतला.

"गवत पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"सुकं, आई. पिवळं. वैशाखातलं. करपलेलं."

आता करपलेलं गवत पार्सलनं मागवतात, हे मला कसं कळावं? आमच्या सड्यावर, म्हणजे माळावर, शिमग्यापासून पडलेलं असतं!

रंजूनं कपाळावर हात मारून घेतलान. "मगर झाली, आता शेत! तुला दुसरं काही सुचत नाही ना गो?"

"अगो खरंच चांगल्या मनानं केलं!"

"तू? चांगल्या मनानं?"

बघा. आयुष्यभर खोड्या काढल्या त्याचं हे फळ. एकदा खरं बोलले तर पोटची पोर हसली.

मास्तर मात्र पुढे झाले. खिशातून भिंग काढलं. गुडघ्यावर बसले. नाचणी दोन बोटांनी बाजूला करून आत बघितलं, तर आत एक शिपाई पडलेला, बुबुळं वर. मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. तो मास्तरांकडे.

विलासरावांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. आता आंबे आणि होड्या, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

"लढाई वैशाखातली," मास्तर म्हणाले.

"हो," विलासराव.

"हे गवत वैशाखातलं नाही."

"नाही."

"हे आषाढातलं आहे."

"हो. सासूबाईंनी..."

"मग ही लढाई होऊ शकत नाही." वही उघडली, वही मिटली. "आषाढात फौज लढत नाही. नद्या भरलेल्या, घोडे चिखलात रुततात, बारूद भिजते. अर्धे शिपाई तर गावी पेरणीला गेलेले असतात. इतिहास आहे."

जाडा चेला म्हणाला, "सर, आपण पुण्याहून आलोय."

"तुम्ही आलात. इतिहास आलेला नाही."

विलासराव खुर्चीवर बसलेच. मी म्हटलं, संपलं. पिशवी भरायला घ्यावी. गावी जाणारी एसटी किती वाजता आहे ते आठवायला लागले.

तेवढ्यात मास्तर पुन्हा वाकले. "पण तंबू आहेत. कुंपण आहे. घोडे चरतायत. विलासराव, ही लढाई नाहीच. ही पावसाळी छावणी आहे!"

"छावणी?" विलासराव.

"पावसाळ्यात फौज एका जागी मुक्काम करते. चार महिने. आजवर सगळ्यांनी मला लढाया दाखवल्या. ही कोणी केली नव्हती. कोणाला सुचली नाही." मिशी हलली त्यांची. "आणि दसऱ्याला छावणी उठते, मोहीम निघते. म्हणजे दसऱ्याची लढाई इथूनच निघायला हवी. ह्याच टेबलावरून. इतिहासाला धरून."

विलासरावांनी माझ्याकडे बघितलं. मग बटण परत लावलं.

मी लगेच पदर नीट केला, तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "बघा! मी म्हटलं नव्हतं? सगळं ठरवूनच केलं होतं."

इथे चूक झाली. इथे गप्प बसायला हवं होतं मी.

"वा, आजी!" मास्तर म्हणाले. "मग तुम्हाला माहीतच असेल. छावणी ज्या गावात पडते, त्या गावानं फौजेला पोसायचं असतं."

मी टेबलावर बघितलं. "गाव कुठाय हो? दिसत नाही."

विलासरावांनी, ज्यांनी लग्नापासून मला उलट शब्द दिला नाही, त्यांनी हळूच बोट केलं. स्वैपाकघराकडे.

अहो, आले होते एका दिवसासाठी! लढाई असती तर संध्याकाळी कोणीतरी हरलं असतं आणि गाडीत बसलं असतं. छावणीला हरणं नाही, जिंकणं नाही, उठणं नाही. शनिवार, रविवार, सोमवार. टेबलाभोवती खुर्च्या टाकून बसले, वहीत लिहीत होते. घोडे किती, चारा किती. आणि दर दोन तासांनी जाडा चेला दारात.

"आजी, फौजेला भूक लागलीय."

घावणे घातले. कुळथाची पिठी केली. सुकट संपली, बोंबील संपले. मास्तर म्हणाले, "फौज नाचणीची भाकरी खात असे." डब्यात नाचणी होती कुठे? सगळी टेबलावर! पावसातून जाऊन मुद्दाम आणली, दळली, भाजली. सोमवारी निघताना मास्तर वाकून नमस्कार करून गेले. म्हणाले, "दसऱ्याच्या आत दोनदा तरी छावणीची पाहणी करावी लागेल."

रंजूनं मला गावी सोडलंन नाही. म्हणाली, "आता जातेस कुठे? गवत दसऱ्यापर्यंत जगवायचंय."

पुढच्या सुट्टीत विलासराव भिंग लावून काहीतरी रंगवत बसलेले. दोन दिवस दाखवीनात. मग छावणीच्या मधोमध एक नवीन बाहुली उभी केलीनी. अंगठ्याएवढी म्हातारी. कासोट्याचं लुगडं, हातात पळी, तोंड उघडं. चारी बाजूंना तीनशे शिपाई.

मी बघितलं. बुबुळंसुद्धा काढली होती.

"हिच्या पायाखाली गवत कसं नाही?"

"चुलीतली राख लावलीय, आई. पायाखालची जमीन खरी पाहिजे."

मी गेले, नातवाच्या खेळण्यांतून ती मगर काढली आणि बाहुलीच्या शेजारी गवतात ठेवून दिली. म्हटलं, निदान सोबत तरी. विलासरावांनी बघितलं. ह्या वेळेला बघितलं, पण काढली नाही. फोटो काढून पुण्याला पाठवला.

मास्तरांचा उलटा निरोप आला. रंजूनं मोठ्यानं वाचलान, दोनदा.

"पावसाळ्यात मगर चालेल. पण दोन कशाला? आणि एकीच्या हातात पळी का?"