मधली तुकडी आणि सड्यावरची उतरण

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक उगाच लपवतात. माझं पोट दुखायला लागलं की बायकोला ते माझ्या सायकलच्या घंटीवरून कळायचं. ती जरा जास्तच वाजायची. आणि दहा-बारा वर्षं त्या दुखण्याचं कारण एकच होतं: माझा साडू.

वालावलला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. सासुरवाड त्याच गावात, ओहोळ ओलांडला की. त्यामुळे मी सासूबाईंचा रोजचा जावई. पंप बिघडला, बोलवा मला. नारळ काढायला माणूस हवा, धाडा मला. साडू दोडामार्गचा, कामाला गोव्यातल्या एका हॉटेलात. तो दोन-तीन महिन्यांतून एकदा उगवायचा, आणि तो आला की घरात सुरमई यायची. सुरमईची मधली तुकडी, तळहाताएवढी, त्याच्या पानात. शेपटीकडची माझ्या.

"ते लांबसून इले," सासूबाई म्हणायच्या. "तुमी काय ओ, रोजचे."

माझ्याकडे माज करण्यासारखी एकच गोष्ट होती. गावामागच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, एक पायवाट काजूच्या बागांमधून देवळाच्या तळ्यापर्यंत उतरते. काजूच्या हंगामात बायका टोपल्या घेऊन तिने खाली येत. मी माझ्या काळ्या सायकलवरून येत असे, ब्रेकवर भरवसा नाही म्हणून चपलेचा तळ मागच्या चाकावर दाबत. दर पावसाळ्यानंतर कोयता घेऊन तिथली झुडपं मी तोडायचो, पाण्याने पडलेले चर चिऱ्याच्या तुकड्यांनी मी बुजवायचो. कुणी सांगितलं नव्हतं. माणूस आपल्या अंगणाला सांगितल्यावाचूनच शेण सारवतो ना, तसं.

त्या वाटेच्या मध्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे. वाट तिला मोठा वळसा घालते. पण डाव्या हाताला एका काजूच्या फांदीआड ट्रक उतरायचा जुना उतार आहे. फांदीखाली मान घालून थेट खाणीत शिरायचं, सपाट तळावरून सुसाट पलीकडे निघायचं. अख्खा वळसा वाचतो. हे एकट्या मला ठाऊक होतं.

मग एका मे महिन्यात साडू गियरची सायकल घेऊन आला. हॉटेलातला कुणी परदेशी पाहुणा मायदेशी जाताना देऊन गेला होता. एकवीस गियर, पुढच्या चाकाला स्प्रिंगा, टायरांवर बोटाएवढ्या रबरी गाठी. अर्धा गाव हात लावून गेला. सासूबाईंनी स्प्रिंग दाबून बघितली आणि म्हणाल्या, "गो बाय, गादी जशी!" मग माझ्याकडे वळून, "जावयबापू, जरा तेल घाला मा हेका."

घातलं. स्वतःच्या हाताने, दातओठ खात, चेनच्या प्रत्येक कडीला घातलं.

साडू माझ्या वाटेने खाली उतरून आला. घामाने निथळत होता. म्हणाला, "बरी आसा वाट."

बरी! जिला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं, ती बरी!

पुढच्या खेपेला त्याने गोव्याचे चार दोस्त आणले. त्यांनी आणखी आठ आणले. मग पुण्याचे आले, बेळगावचे आले. तारकर्लीला समुद्रात डुंबायला आलेलेसुद्धा गाडीच्या टपावर सायकली बांधून आमच्या सड्यावर यायला लागले. आधी एक वाट होती, तिच्या तीन झाल्या. दगडांवर चुन्याने बाण आले. माझं दुकान चालायला लागलं, हे खरं. पण पंक्चर काढून घेताना प्रत्येक जण विचारायचा, "ती दोडामार्गच्या माणसाची वाट कुठून सुरू होते हो?"

दोडामार्गच्या माणसाची! मी प्रत्येकाच्या चाकात हवा भरायचो आणि माझी जात होती.

अशात शर्यत ठरली. पुण्याचे काही हौशी आणि गावातले तरुण एकत्र बसले, सड्यापासून तळ्यापर्यंत उतरायचं म्हणाले. साडूने नाव दिलं, म्हणून मीही दिलं. बायको म्हणाली, "वयाक शोभता काय ह्या?" मी म्हटलं, साडू माझ्याच वयाचा आहे. त्याच्या पुढे तळ्यावर पोचलो की वाट कोणाची ते गावाला कळेल. मागे राहिलो, तर ती जन्मभर दोडामार्गच्या माणसाची.

काळ्या सायकलचे मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, सगळं उतरवलं. मागे जाड टायर कसाबसा बसवला. तरीही एकवीस गियर डोळ्यांसमोरून हलेनात. मग मी एक अचाट गोष्ट केली.

आमच्याकडे गाऱ्हाण्यावाचून काहीही सुरू होत नाही. गावच्या मानकऱ्याने नारळ हातात धरून देवाला मोठ्या आवाजात सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा!" म्हणायचं. शर्यतीचं गाऱ्हाणं माझे सासरे घालणार होते. आदल्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते पडवीत सुपारी कातरत होते.

"मामा, उद्याच्या गाऱ्हाण्यात एक ओळ घालाल?"

"खंयची?"

"जास्त गियरवाल्याची चेन वाटेत उतरूदे."

त्यांनी अडकित्ता थांबवला. "गाराण्यात कोणाचा वायट मागूक येणा नाय."

"मग सगळ्यांची चेन नीट रवांदे म्हणा. फक्त त्याच्या वेळेला जरा खोका."

"जावा घराक," ते म्हणाले. पण त्यांची मिशी हलली, ती मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी सड्यावर ही गर्दी. रंगीत कपड्यांतले, काळे चष्मे लावलेले, आणि त्यांच्यात आमचे लुंगीवाले. सासऱ्यांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां सायकली घेवन हंय उभी आसत..."

"होय म्हाराजा!"

"तेंचे हात-पाय धड रवांदे, वाट सुकी रवांदे..."

"होय म्हाराजा!"

"आणि हेंच्यातल्या कोणाचो जीव दुसऱ्याची सायकल बघून जळता असात..."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. सवय! तोंडातून निघून गेल्यावर माझ्या कानात शिरलं.

"...तर तेका पयलो आण, नायतर शेवटाक आण, पण घराक येताना तेचा तोंड हसरा ठेव!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी मी ओठ घट्ट मिटले होते. तरी एक आवाज सगळ्यांवर चढला. पाहतो तर साडू. आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला, अगदी माझा पडला होता तस्सा.

शर्यत काय सांगू! साडू पहिल्या उतारालाच पुढे निघाला. त्याचं चाक दगडांवरून गादीवरून गेल्यासारखं जात होतं. माझे दात माझ्याच कवटीत वाजत होते. खाणीपाशी तो वळशाला लागला. मी मान घातली, फांदीने हेल्मेटवर एक टपली मारली, आणि खाणीतून पलीकडे निघालो तेव्हा तो माझ्या मागे होता. पहिला आला बेळगावचा कुणी पोरगेला गडी, दुसरे-तिसरे पुण्याचे. मी चौथा. साडू पाचवा. मी तळ्याच्या पायरीवर बसून हसत होतो. देवाने ऐकलं होतं.

दुपारी सासूबाईंकडे पान वाढलं. सुरमई. मी सरसावून बसलो. मधली तुकडी वाडग्यातून उचलली गेली, माझ्या नाकासमोरून गेली आणि साडूच्या पानात उतरली.

"दमले बिचारे," सासूबाई म्हणाल्या. "हरले मा."

सासरे समोर बसून शांतपणे कालवत म्हणाले, "काल दोगय इल्ले माझ्याकडे. एक सकाळी, एक सांजेक. दोगांकय येकच व्हया होता."

मी साडूकडे पाहिलं. "तुका काय कमी होता रे?"

"माझ्याकडे गियर आसत," तो म्हणाला. "वाट तुका पाठ आसा. मी एकवीस वेळा बदलतंय तवसर तू पायान ब्रेक मारून पुढे." मग आवाज खाली आणून, "खाणीकडसून तू खंयसून गेलंस?"

मी त्याच्या पानाकडे बघत होतो. तो समजला. तुकडीला अजून त्याने बोट लावलं नव्हतं. उचलून ती त्याने माझ्या पानात ठेवली.

तुकडी मोठी होती. ती संपेपर्यंत मी बोलत राहिलो: फांदी, उतार, खाणीचा तळ, सगळं.

पुढच्या वर्षी साडू खाणीतून गेला आणि माझ्या पुढे तळ्यावर पोचला. मला तितकंसं वाईट वाटलं नाही. दुपारी मी चेहरा जमेल तेवढा केविलवाणा करून पानावर बसलो. दम लागल्यासारखा श्वाससुद्धा घेतला. सासूबाईंनी मधली तुकडी उचलली आणि साडूच्या पानात घातली.

"मामी, हरलो मी आसंय!"

"म्हणान काय झाला? ते जिंकान इले मा!"

मी साडूकडे पाहिलं. ह्या खेपेला त्याने मान वर केली नाही. काटे बाजूला काढत, सावकाश, पूर्ण तुकडी खाल्ली.