राणी म्या हाय

“पोटातून बोल, पोटातून!” असं ओरडत आमचे नाटकवाले सर स्वतःच्याच पोटावर थाप मारायचे. असा शिक्षक तुम्ही पाहिला नसेल, कारण मुळात ते शिक्षक नव्हतेच. जळकोटात दूध संघाच्या केंद्रावर कारकून होते.

तेव्हा मी तिथल्या शाळेत नवी बाई. मोठा दुष्काळ होता. केंद्रावर मापायला दूधच येईना. सरांनी आपल्या बौद्धवाड्यातली सात-आठ माणसं जमवून नाटक मंडळी काढली. बसवायचं काय, तर जुनी संस्कृत नाटकं, तीही आपल्या बोलीत! शिवाय शाळाशाळांतून मुलांना नाटक शिकवायचं.

पहिल्याच दिवशी सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, पोटात काय न्हाय, तर आवाज कुठनं काढू?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरच्यांना दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी घेऊन आले, सगळ्यांना वाटली आणि मला म्हणाले, “बाई, एवढ्या लोकांत खरं बोलली. आपल्या नाटकातली राणी हीच!”

मुलांचा प्रयोग ठरला पाझर तलावाच्या कामावर, दुपारच्या सुट्टीत. पडदा म्हणजे दोन लुगडी. समोर खडी फोडून आलेली माणसं, धुळीनं पांढरी. नाटक रंगलं तोच तालुक्याचे एक साहेब उठले. “राणी अशी बोलते का? न्हाय काय, व्हय काय! शुद्ध बोला, नाहीतर बंद करा.”

लुगड्याआडून सरांनी मुलीकडं पाहून नुसती मान हलवली.

ती दोन पावलं पुढं आली. “राणी म्या हाय. आमच्या राज्यात असंच बोलत्यात. तुमी बसा खाली.”

मग घमेली बडवत सगळा बांध गरजला! साहेब ओशाळं हसत मातीतच बसले, ते शेवटपर्यंत. आणि सर पडद्यामागं उड्या मारत होते, “बाई, हे वाक्य मी दिलंच नव्हतं हो! तिचं हाय, तिचं!” डोळे वाहत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. मी एसटीवर सोडायला गेले. कंडक्टर दारात पुटपुटत होता, “अणदूर... अणदूर...”

“अरं, गावाचं नाव हाय ते, तोंडात धरलेलं कडू औषध न्हाय! पोटातून काढ!” सर खिडकीतून म्हणाले.

कंडक्टरनं छाती भरून हाक दिली, “अणदूऽऽर!” लिंबाखालची माणसं दचकून उठली. गाडी हलली. दोन वर्षांनी सर गेल्याचं पोस्टकार्ड आलं. मला मात्र दिसतात ते खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, कंडक्टरसाठी टाळ्या वाजवणारे.